दोन इंजिनांमध्ये समाईक काय आहे, हे विचारले पाहिजे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 विमान 12 जून 2025 रोजी उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात कोसळले आणि विमानातील 241 व जमिनीवरील 19 अशी 260 माणसे गेली. तेव्हापासून विमानाच्या इंधनाविषयी आपल्या भागात जेवढे बोलले गेले तेवढे त्याआधी क्वचितच बोलले गेले असेल. मोपा आणि चिपी येथे विमानतळ झाल्यापासून सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, मालवणची माणसे गणपतीला आणि लग्नकार्याला विमानाने येऊ-जाऊ लागली आहेत, त्यामुळे ही चर्चा दूरच्या कुतूहलाची राहिलेली नाही. मात्र तिच्यात एक मोठी टाकी, तिला एक नळी आणि नळीच्या टोकाला दोन इंजिने, असे चित्र गृहीत धरलेले दिसते. विमानांच्या देखभालीत नोकरी घालवलेला माणूस म्हणून ते चित्र दुरुस्त करावे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण नेमके काय विचारायला हवे ते मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण हा विषय चार ओळींत सांगितला तर गैरसमज कमी होण्याऐवजी वाढतात.

प्रवासी जेट विमानाचे बहुतेक इंधन पंखांत असते. पंखाच्या आत वेगळी टाकी बसवलेली नसते; पंखाचा पोकळ सांगाडाच आतून सीलंट लावून गळतीविरहित केलेला असतो आणि तीच टाकी असते. याखेरीज दोन पंखांच्या मधोमध, विमानाच्या पोटात, आणखी एक टाकी असते. मुंबई-गोवा मार्गावर नेहमी दिसणाऱ्या एअरबस ए-320 मध्ये सगळे मिळून सुमारे 24 हजार लिटर इंधन मावते, तर बोइंग 787-8 मध्ये सुमारे 1 लाख 26 हजार लिटर. उड्डाणात पंख हवेच्या दाबाने वर वाकू पाहतात आणि पंखांतल्या इंधनाचे वजन त्यांना खाली धरून ठेवते. म्हणून सर्वसाधारणपणे मधल्या टाकीतले इंधन आधी वापरले जाते आणि पंखांतले शेवटपर्यंत राखले जाते.

प्रत्येक टाकीत सहसा दोन विजेचे बूस्टर पंप असतात. दोन असण्याचे कारण उघड आहे: एक बंद पडला तरी दुसऱ्याने काम चालते. हे पंप इंधनात बुडालेले असतात आणि त्याच इंधनाने थंडही राहतात. तेथून इंधन पंखाच्या मुख्य तुळईवर, म्हणजे स्पारवर बसवलेल्या व्हॉल्व्हमधून इंजिनाकडे जाते. हा व्हॉल्व्ह फार महत्त्वाचा आहे, कारण इंजिनाला आग लागली तर पंखातून येणारे इंधन तो तिथेच तोडतो. इंजिनावर पोहोचल्यावर इंधन आधी कमी दाबाच्या पंपातून जाते, मग इंजिनाच्या गरम तेलाशी उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रातून, ज्यात तेल थंड होते आणि इंधन गरम होते. नंतर फिल्टर आणि मग उच्च दाबाचा गिअर पंप, जो दाब प्रति चौरस इंच हजार पौंडांच्या आसपास नेतो. शेवटी इंधन मोजून सोडणारे यंत्र येते. वैमानिकाने लिव्हर पुढे केली म्हणजे इंधनाची नळी सरळ उघडली जात नाही. त्याची मागणी इंजिनावरच्या संगणकाकडे जाते आणि त्या क्षणी इंजिनाला किती इंधन द्यायचे ते संगणक ठरवतो. या संगणकाला दोन स्वतंत्र मार्गिका असतात आणि इंजिन फिरू लागले की ते स्वतःच्याच जनित्रातून संगणकाला वीज पुरवते, म्हणजे विमानातली बाकीची वीज गेली तरी तो चालू राहतो. ए-320 चे इंधन तासाला साधारण अडीच टन जळते, ते या मार्गाने.

सगळे बूस्टर पंप एकदम बंद पडले तर काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. इंजिनावरचा पंप टाकीतून इंधन स्वतः ओढून घेऊ शकतो. खूप उंचीवर ते नीट जमत नाही, म्हणून विमान खाली आणावे लागते, पण इंजिन चालू राहते.

आता मुख्य मुद्दा. या साऱ्या मांडणीत डाव्या इंजिनाची वाट वेगळी आणि उजव्याची वेगळी असते. टाकी, पंप, व्हॉल्व्ह, फिल्टर, संगणक, कोणत्याही टप्प्यावर एका बाजूच्या बिघाडाने दुसरी बाजू बंद पडू नये, ही वाहतूक विमानांच्या प्रमाणीकरणाची अटच आहे. ए-320 च्या मूळ मांडणीत उड्डाणाच्या वेळी पंखांच्या पुढच्या पट्ट्या बाहेर असतात तोवर मधल्या टाकीचे पंप थांबलेले राहतात आणि प्रत्येक इंजिन आपापल्या पंखातले इंधन घेते. दोन्ही बाजूंना जोडणारा एक क्रॉसफीड व्हॉल्व्ह असतो, पण तो एरवी बंद असतो. देखभालीतही हीच शिस्त आहे. समुद्रावरून लांब जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांवर एकाच माणसाने दोन्ही इंजिनांचे एकच काम एका वेळी करू नये, कारण त्याच्या हातून एक चूक झाली तर ती दोन्हीकडे होईल.

म्हणून दोन्ही इंजिनांची शक्ती एकदम गेली असे ऐकले की जाणकार माणूस इंजिनांकडे नंतर बघतो. आधी तो विचारतो, की दोघांमध्ये समाईक काय होते? स्वतंत्र ठेवता येते ते सगळे स्वतंत्र ठेवल्यावरही थोड्या गोष्टी समाईक उरतातच: टाक्यांत भरलेले इंधन, बाहेरची थंडी, इंधनाचा हिशेब करणारी माणसे आणि कॉकपिट. गेल्या चाळीसएक वर्षांतल्या गाजलेल्या घटना पाहिल्या तर उत्तर बहुतेकदा या चारांतच सापडते.

23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचे बोइंग 767 कॅनडावरून जाताना दोन्ही इंजिने इंधनाविना थांबली. त्या विमानाचे इंधनमापक बंद होते, त्यामुळे टाकीत पट्टी घालून लिटर मोजले आणि त्यावरून वजन काढले. देश तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. विमानाला 22,300 किलो इंधन हवे होते, पण गुणताना लिटरमागे 1.77 हा पौंडांचा आकडा किलोंचा समजून वापरला गेला आणि जे भरले ते निम्म्याहून कमी ठरले. वैमानिकांनी विमान घरंगळत गिमली येथील जुन्या हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरवले आणि सर्व 69 जण वाचले. या घटनेत इंजिने, पंप आणि नळ्या पूर्णपणे ठीक होत्या. गुणाकार समाईक होता.

24 ऑगस्ट 2001 रोजी एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-330 मध्ये उजव्या इंजिनावरची इंधनाची नळी शेजारच्या नळीला घासून फुटली. देखभालीत एकमेकांशी न जुळणारे भाग बसवले गेले होते. एका बाजूचे इंधन कमी होत आहे, असे दिसल्यावर वैमानिकांनी तोल साधण्यासाठी क्रॉसफीड उघडला आणि चांगल्या बाजूचे इंधनही त्या गळतीतून वाहून गेले. दोन्ही इंजिने थांबल्यावर 306 जणांना घेऊन ते विमान अटलांटिकवरून तरंगत अझोरेस बेटांवरच्या लाजेस तळावर उतरले. जी वाट एरवी बंद ठेवायची, ती गळती ओळखण्याआधी उघडली गेली. अशा वेळी आधी गळती आहे का ते तपासण्यावर आता प्रशिक्षणात भर दिला जातो.

17 जानेवारी 2008 ची ब्रिटिश एअरवेजची घटना अधिक सूक्ष्म आहे. बीजिंगहून आलेले बोइंग 777 हीथ्रोला उतरताना शेवटच्या टप्प्यात उजव्या इंजिनाची शक्ती घटली आणि सातेक सेकंदांनी डाव्याचीही. विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतावर आदळले. 152 जणांपैकी कोणाचाही मृत्यू झाला नाही. टाक्यांत भरपूर इंधन होते, ते मानकात बसणारे होते आणि गोठलेलेही नव्हते. पण केरोसीनमध्ये अत्यल्प पाणी विरघळलेले असतेच. लांबच्या थंड प्रवासात, जेव्हा इंधनाचे तापमान उणे 34 अंशांपर्यंत उतरले होते, त्या पाण्याचे मऊ बर्फ नळ्यांच्या आतल्या बाजूस साचत गेले. उतरताना इंजिनांनी एकदम जास्त इंधन मागितले तेव्हा ते सुटून उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्राच्या तोंडावर जाऊन बसले. दोन्ही इंजिनांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण पाणी आणि थंडी एकच होती. त्या यंत्राच्या तोंडाची रचना नंतर बदलण्यात आली.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना चौथी आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. 13 एप्रिल 2010 रोजी कॅथे पॅसिफिकचे ए-330 विमान इंडोनेशियातील सुराबाया येथून 322 जणांना घेऊन हाँगकाँगला निघाले. सुराबायाच्या विमानतळावर जमिनीखालच्या नळ्यांतून विमानांना इंधन पुरवले जाते. त्या नळ्यांच्या विस्ताराच्या कामात खारे पाणी आत शिरले होते. इंधन विमानात जाण्यापूर्वी ज्या फिल्टरमधून जात असे, त्यात पाणी शोषून फुगणारा पदार्थ भरलेला होता. पाणी आले की तो फुगून वाट बंद करतो, अशी कल्पना. खाऱ्या पाण्यापुढे ती कल्पना टिकली नाही. त्या पदार्थाचे सूक्ष्म गोल कण इंधनाबरोबर विमानात गेले आणि इंधन मोजून सोडणाऱ्या यंत्रांत अडकले. हाँगकाँगजवळ पोहोचेपर्यंत एक इंजिन सुमारे 74 टक्के गतीवर अडकून बसले, ते कमी होईना. दुसरे जवळजवळ निष्क्रिय झाले, ते वाढेना. वैमानिकांनी ताशी 420 किलोमीटरहून अधिक वेगाने विमान जमिनीवर टेकवले आणि ते धावपट्टीतच थांबवले. सगळे जिवंत राहिले. असे कण असलेले फिल्टर वापरातून काढण्याचा निर्णय विमान उद्योगाने पुढे घेतला, परंतु त्या प्रकरणाचे मूळ, म्हणजे समुद्राकाठच्या विमानतळावर बांधकाम चालू असताना इंधनाच्या नळ्यांत खारे पाणी जाणे, हे कोणत्याही एका फिल्टरपुरते मर्यादित नाही.

मालवण, देवगड किंवा रत्नागिरीच्या बंदरात डिझेलवर चालणाऱ्या नौकेचा तांडेल हे कोणाच्याही आधी समजेल. समुद्रात जाण्यापूर्वी टाकीच्या तळाशी आणि गाळणीत पाणी साचले आहे का ते पाहून काढल्याशिवाय तो इंजिन सुरू करत नाही. विमानातही पाणी जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते, आणि ते काढण्यासाठी पंखाखाली सर्वांत खोल जागी छोटे ड्रेन व्हॉल्व्ह असतात. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, विशेषतः रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानाचे, ते उघडून नमुना घ्यावा लागतो.

पाणी येते कोठून, असे वाटेल. इंधन खर्च होत जाते तशी त्याची जागा बाहेरची हवा घेते. टाक्या बाहेरच्या हवेला खुल्याच असतात. उंचावरून थंड झालेले विमान पावसाळ्यात मोप्याला किंवा दाबोळीला उतरू लागते तेव्हा आपली दमट हवा त्या थंड टाक्यांत शिरते आणि तिचे पाणी होते. जमिनीवरच्या साठवण टाक्यांतही ऊन-पावसाच्या चढउतारांनी हेच घडते. पाणी आणि केरोसीन यांच्या सीमेवर, उबदार हवेत, बुरशी वाढते. तिचा चिकट थर फिल्टर बुजवतो, मापकांना चुकवतो आणि टाकीचे ॲल्युमिनियम खातो. तिच्यावरचे औषधही जपून वापरावे लागते: फेब्रुवारी 2020 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावरून निघालेल्या एका ए-321 विमानाच्या दोन्ही इंजिनांत बिघाड झाला, कारण त्याआधीच्या देखभालीत बुरशीनाशक ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे 38 पट मिसळले गेले होते. पुन्हा तेच: औषध एक, हिशेब एक, इंजिने दोन्ही.

इंधनाची तपासणी करणारी पद्धत साधी आहे आणि म्हणूनच ती कंटाळून टाळली जाण्याचा धोका असतो. बाउझरमधून, म्हणजे विमानात इंधन भरणाऱ्या टँकरमधून, स्वच्छ काचेच्या बरणीत नमुना घ्यायचा. तो नितळ आणि चमकदार दिसला पाहिजे, तळाशी थेंब किंवा कण नकोत. मग सिरिंजने थोडे इंधन एका रासायनिक कॅप्सूलमधून ओढायचे. पाणी दहा लाखांत 30 भागांच्या वर असेल तर कॅप्सूलचा पिवळा रंग हिरवट होतो. रंग बदलला तर ते इंधन विमानात जात नाही. मुसळधार पावसात, वाऱ्यात, विमान आधीच उशिरा आलेले असताना, रेनकोटाच्या आडोशाला सिरिंज धरून उभा असलेला तो कर्मचारी शेकडो प्रवाशांच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहत असतो. त्याच्याविषयी मला अतिशय आदर आहे आणि तो आपल्या समाजात वाढावा असे मनापासून वाटते.

समाईक असण्याचा हाच विचार इंधन किती घ्यायचे यालाही लागू पडतो. नियमाप्रमाणे विमान मुक्कामापर्यंतचे इंधन, वाटेतल्या अनपेक्षित गोष्टींसाठी थोडे जास्त, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि त्यानंतरही 30 मिनिटे घिरट्या घालता येतील इतके इंधन घेऊन निघते. जुलैमध्ये मोप्यावर ढग उतरले असतील तर दाबोळीवरही तेच ढग असण्याची शक्यता मोठी, म्हणून घाटापलीकडचा किंवा आणखी दूरचा विमानतळ पर्याय म्हणून धरणे शहाणपणाचे ठरते. आपले विमान बेंगळुरू किंवा हैदराबादला वळवले म्हणून संतापणाऱ्या प्रवाशांनी हे लक्षात घ्यावे, की तेवढे जादा इंधन कोणीतरी आधीच विचारपूर्वक भरले होते म्हणून ते वळू शकले.

अहमदाबादच्या अपघाताविषयी एवढेच लिहितो, की विमान अपघात तपास विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार, ज्या बाउझर आणि टाक्यांतून त्या विमानात इंधन भरले गेले त्यांचे नमुने तपासणीत समाधानकारक आढळले. आणि उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांच्या इंधन नियंत्रणाच्या कळा एका सेकंदाच्या अंतराने चालूवरून बंदवर गेल्याची नोंद आहे. सुमारे दहा सेकंदांनी त्या पुन्हा चालूवर आल्या, पण तेवढ्या उंचीवर इंजिनांना पूर्ण शक्ती मिळण्याइतका वेळ उरला नव्हता. अशा कळा वर ओढल्याशिवाय सरकत नाहीत, आणि बंद केल्यावर स्पारवरचा व इंजिनावरचा असे दोन्ही व्हॉल्व्ह मिटतात. दोन स्वतंत्र वाटा ज्या मोजक्या जागी शेजारी येतात त्यांपैकी ही एक जागा आहे. त्या कळा का हलल्या, यावर मी एक शब्दही लिहिणार नाही. मृत वैमानिकांवर चहाच्या टपरीवरून किंवा मोबाइलवरून निवाडा देणे हा त्यांच्या कुटुंबीयांवरचा अन्याय आहे, आणि आपल्या दैनिकाने अशा मजकुराला जागा देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याऐवजी आपण आपल्या दाराशी असलेल्या प्रश्नांचा पाठपुरावा करावा. मोपा, चिपी, दाबोळी आणि पुढे नागरी वाहतुकीसाठी तयार होणारे रत्नागिरी, या सर्व ठिकाणी बांधकामे आणि विस्तार होत राहणार आहेत. इंधनाच्या साठ्याजवळ किंवा नळ्यांजवळ खोदकाम असेल तेव्हा त्या कशा बंद केल्या जातात आणि पुन्हा वापरात आणण्यापूर्वी कोण तपासून सही करते? पावसाळ्याच्या चार महिन्यांत साठवण टाक्यांच्या तळाचे पाणी किती वेळा काढले जाते? इंधन भरणाऱ्या कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण किती दिवसांचे मिळते, आणि नमुना नापास झाला तर विमान थांबवण्याचा अधिकार त्यांना प्रत्यक्षात वापरता येतो का, की उशिराचा ठपका त्यांच्यावर येतो? या प्रश्नांची उत्तरे संबंधित विमानतळांनी आणि इंधन कंपन्यांनी आनंदाने द्यावीत, कारण चांगले काम चालू असेल तर ते लपवण्यासारखे काही नाही.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या आयटीआय व तंत्रनिकेतनांत इंधन हाताळणीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करण्यासाठीही आपल्या लोकप्रतिनिधींनी प्रयत्न करावेत. खाऱ्या हवेत डिझेल इंजिने सांभाळणाऱ्या घरांतली मुले या कामाला फार लवकर तयार होतील. वरील प्रश्न आपल्या वार्ताहरांनी मोपा आणि चिपी येथे नेले तर तांत्रिक बाबी समजावून देण्यासाठी मी विनामूल्य सोबत येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग